नागपुरात कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी : पार्ट कसे निवडायचे, कोणत्या क्रमाने

बर्डीवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात "गेमिंग पीसी पाहिजे" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "आय-फाइव्ह देऊ का आय-सेव्हन, भाऊ?" या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका. आधी स्क्रीन ठरवा. स्क्रीनवरून ग्राफिक्स कार्ड ठरतं, कार्डावरून प्रोसेसर आणि पॉवर सप्लाय. कॅबिनेट कोणतं घ्यायचं हे मात्र आपल्याकडे उन्हाळा ठरवतो. क्रम उलटा झाला की चाळीस टक्के पैसा प्रोसेसरवर जातो आणि कार्डाच्या वेळी खिसा रिकामा असतो.

१. आकडा पूर्ण धरा

"सत्तर हजार बजेट आहे" असं म्हणताना बहुतेकांच्या डोक्यात फक्त टॉवर असतो. मग मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, यूपीएस आणि विंडोजचं लायसन्स वरून येतं. आधी ही सगळी यादी कागदावर लिहा आणि त्यांचे पैसे वजा करा. उरेल ते टॉवरचं बजेट. त्यातले साधारण ३५ ते ४० टक्के ग्राफिक्स कार्डाला, २५ टक्क्यांच्या आसपास प्रोसेसर आणि मदरबोर्डला मिळून, आणि बाकीच्यात रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय (दुकानात एसएमपीएस म्हणतात), कॅबिनेट.

एक वर्षापूर्वीचा "बेस्ट बिल्ड"चा व्हिडिओ पाहून हिशेब करू नका. २०२५ च्या अखेरपासून एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या आणि एसएसडीही महागल्या. भाव त्या आठवड्याचाच धरा.

कोटेशन दोन दुकानांतून आणि एक ऑनलाइन, असे तीन घ्या. प्रत्येक ओळीत कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर हवा. "१६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, ४५० वॅट एसएमपीएस" असं लिहून दिलं तर ते कोटेशन तिथेच परत करा. अशा कागदावर कोणताही माल बसवता येतो.

२. स्क्रीन आणि गेम

व्हॅलोरंट आणि सीएस-२ (काउंटर-स्ट्राइक २) खेळणाऱ्याला फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, जास्त लागतात, चित्र थोडं साधं चालतं. कथेचे मोठे गेम खेळणाऱ्याचं उलट असतं. बजेटमध्ये दोघांनाही १०८०पी (१९२० x १०८० पिक्सेल), २४ इंच, आयपीएस पॅनेल पुरेसं आहे. पहिल्याने १४४ हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) किंवा वर घ्यावा, दुसऱ्याचं १०० हर्ट्झमध्येही भागतं. १४४०पीच्या मोहात पडण्याआधी एवढं लक्षात घ्या की त्यात १०८०पीच्या पावणेदोन पटींहून जास्त पिक्सेल असतात, आणि ते सगळे कार्डालाच काढायचे असतात. मॉनिटरचे पाच हजार वाढले की कार्डाचेही वाढतात.

३. ग्राफिक्स कार्ड

नवीन कार्ड घेताना ८ जीबी मेमरी ही खालची रेघ धरा. त्याखाली आजचे मोठे गेम १०८०पीलाही टेक्स्चर कमी करायला लावतात. पण जीबीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. दुकानात "४ जीबी गेमिंग कार्ड" म्हणून जीटी ७३० अजूनही हातात दिलं जातं. त्यावर मेमरी भरपूर असली तरी चिप २०१४ च्या काळातली आहे आणि मेमरी संथ, त्यामुळे त्या ४ जीबीचा उपयोग शून्य.

बजेटनुसार बघायची नावं अशी. सगळ्यात खाली एएमडीचं आरएक्स ६६००, ८ जीबी. १३२ वॅट खातं आणि १०८०पीला आजही इमानदारीत चालतं. त्याच्या वर एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०, दोन्ही ८ जीबी. पहिलं ११५ वॅटचं, दुसरं १४५ वॅटचं. डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम्स वाढवणारी सोय) आणि व्हिडिओ एडिटिंगसाठी एनव्हिडिया सोयीचं पडतं. बजेट ताणता आलं तर आरएक्स ९०६० एक्सटीची १६ जीबीवाली आवृत्ती घ्या. याच नावाने ८ जीबीचीही येते, म्हणून खोका वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आरटीएक्स ५०६० टीआयचंही तसंच आहे: ८ आणि १६, नाव एकच.

इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरी देतं म्हणून आकर्षक दिसतं. त्याला मदरबोर्डवर रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असणं आवश्यक आहे, आणि साध्या प्रोसेसरसोबत त्याची गती बरीच पडते. रिव्ह्यूमध्ये महागड्या प्रोसेसरवर दिसलेले फ्रेम्स तुमच्या बजेटच्या प्रोसेसरवर मिळतीलच असं नाही.

नावातली आणखी एक फसगत आरटीएक्स ३०५०ची. ८ जीबीच्या कार्डात २५६० क्यूडा कोअर आणि १२८ बिटची मेमरी बस आहे, तर ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिट. म्हणजे फक्त मेमरी कमी केलेली नाही, पूर्ण कार्डच हलकं आहे. त्याचा एकच खरा उपयोग: ७० वॅटमध्ये चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून ऑफिसच्या जुन्या मशीनमध्ये बसवता येतं. नवीन बिल्डमध्ये त्याला जागा नाही.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० यांच्यापासून लांब राहा. एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद केले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. आरएक्स ५८० घेताना जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडर, म्हणजे कार्डातले छोटे कोअर, मोजा. २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ती कमी ताकदीची आवृत्ती आहे, भावही तसाच लावा. बाकी जुन्या कार्डाची तपासणी: विक्रेत्याच्या घरी मशीनमध्ये लावलेलं बघा, फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी टेस्ट) १५ मिनिटं चालवा, पंख्याचा खरखर आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके किंवा रेघा येतात का ते पाहा, आणि कार्डावरचा सिरियल नंबर बिलाशी जुळवा. "माइनिंगचं नाही" या शब्दाला किंमत नाही. १५ मिनिटांच्या टेस्टला आहे.

४. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्र निवडा

कमी बजेटला एएम४ सॉकेट (एएमडीचा प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) अजून परवडतो, कारण त्यात आधीच्या पिढीची डीडीआर४ रॅम चालते. रायझन ५ ५६०० हा त्यातला नीट निवडलेला मधला बिंदू: ६ कोअर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधली झटपट मेमरी). ५५०० आणि ५६००जी स्वस्त किंवा सोयीचे दिसतात, पण दोघांची कॅशे १६ एमबी आणि दोघंही पीसीआयई (कार्डाला प्रोसेसरशी जोडणारा रस्ता) ३.० वरच थांबतात.

हे पीसीआयई प्रकरण बजेटवाल्यालाच जास्त लागतं. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० ही कार्डं १६ ऐवजी ८ लेनच वापरतात. पीसीआयई ४.० वर ८ लेन पुरतात. ३.० वर तोच रस्ता निम्मा होतो, आणि ८ जीबी मेमरी भरून गेम सिस्टीमच्या रॅमकडे धावू लागला की गेम अडखळतो. म्हणून ५६०० सोबत बी५५० बोर्ड घ्या. ए५२० आणि बी४५० वर कार्डाचा स्लॉट ३.० चाच असतो. बोर्डात वाचवलेले पैसे इथे असे परत जातात.

बी४५० किंवा जुन्या साठ्यातला बोर्ड घेतलाच तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) रायझन ५००० मालिकेसाठी अपडेट केलेला आहे का हे दुकानातच विचारा. नसेल तर मशीन चालू होते, पंखे फिरतात, स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि नवखा माणूस कार्ड खराब समजून परत घेऊन येतो.

इंटेलकडे आय५-१२४००एफ हा तोडीस तोड पर्याय. डीडीआर४चा एच६१० बोर्डही त्याला पुरतो, कार्डाला पीसीआयई ४.० मिळतं. मात्र एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि प्रोसेसरजवळच्या पॉवरच्या भागावर बहुधा हीटसिंक नसतो. आपल्या मे महिन्यात तो हीटसिंक हवा. शंभर-दोनशे नव्हे, हजारभर जास्त लागले तरी बी७६० बघा. नावापुढचं "एफ" म्हणजे प्रोसेसरमध्ये डिस्प्ले नाही, कार्डाशिवाय स्क्रीन लागणार नाही. रायझन ५६०० ला "एफ" नाही, तरी त्यातही डिस्प्ले नाही.

पुढे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५, रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००, आणि बी६५० बोर्ड. हा सॉकेट २०२२ चा आहे आणि एएमडीने २०२७ पर्यंत तो चालू ठेवण्याचं सांगितलं आहे. पण त्याला डीडीआर५ लागते, आणि सध्याच्या भावात तिथेच बजेट मोडतं. ८४००एफ स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका. त्याची कॅशे १६ एमबी आहे आणि कार्डाला ८ च लेन देतो.

"आय-सेव्हन, १६ जीबी, गेमिंग कॉम्बो, फक्त अमुक हजार" अशा पाट्या दिसल्या तर पिढी विचारा. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-सेव्हन विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाही, आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० व सिक्युअर बूटशिवाय सुरूच होत नाही. स्वस्तातला आय-सेव्हन त्या एका गेमसाठीच घेतला असेल तर बसा मग.

५. रॅम आणि एसएसडी

रॅम १६ जीबी, ८ च्या दोन काड्या. एकच १६ ची काडी लावली तर मेमरी एकाच चॅनेलवर चालते आणि फ्रेम्स घसरतात. डीडीआर४ मध्ये ३२०० सीएल१६, डीडीआर५ मध्ये ६००० सीएल३० मिळालं तर उत्तम (पहिला आकडा गतीचा, सीएल म्हणजे रॅमला लागणारा उशीर). घरात किंवा मित्राकडे चांगली डीडीआर४ पडून असेल तर आजच्या भावात ती वापरण्यात कमीपणा नाही.

एसएसडी एनव्हीएमई (जलद प्रकारची), शक्यतो १ टीबी. मोठा गेम एकेकटा १०० जीबी खातो. एम.२ च्या आकारात साटाचीही एसएसडी येते, दिसायला तशीच, गती सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास. खोक्यावर एनव्हीएमई शब्द शोधा.

६. पॉवर सप्लाय आणि घरातली लाइट

सगळ्यात जास्त काटकसर इथे केली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसान इथूनच होतं. वर सांगितलेल्या कार्डांना नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) पुरेसा आहे. ७५० ची गरज नाही.

खरा आणि खोटा ओळखायचा असेल तर बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२ करा. खऱ्या ५५० वॅटच्या युनिटमध्ये ४५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ५४० वॅट येतात. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या "४५० वॅट"वर तोच गुणाकार कित्येकदा २०० च्या आसपास थांबतो. त्यावर कार्डासाठी ६+२ पिनची केबलही नसते, मग मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या केबलचा) जोड देतात. तो जोड घेऊ नका, जळतो. मागे ११५/२३० असा लाल स्विच असलेला सप्लायही टाळा. स्विच चुकून ११५ वर राहिला आणि प्लग लावला की एकच आवाज होतो.

यूपीएसचा हिशेब व्हीएमध्ये करू नका, वॅटमध्ये करा. बाजारातला ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. ५६०० आणि ४०६०चं मशीन गेम चालू असताना मॉनिटर धरून ३०० वॅटच्या जवळ जातं. लाइट गेल्यावर सेव्ह करून बंद करण्यापुरतं ते कसंबसं पुरतं, पण बॅटरीच्या वाढत्या वयाबरोबर तेवढंही राहत नाही. ६०० वॅटचा, म्हणजे १००० ते ११०० व्हीएचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर लावणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर चांगले सप्लाय कुरकुरतात किंवा बंद पडतात.

खरेदीआधी एकदा इलेक्ट्रिशियनकडून त्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात तेव्हा दोष बहुधा मशीनचा नसतो. आणि जूनमधल्या पहिल्या गडगडाटी पावसात प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढा. वीज राउटरच्या केबलमधूनही आत येते.

७. कॅबिनेट : नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) डोळ्यांपुढे ठेवा

पुण्या-बंगळुरूच्या रिव्ह्यूतले तापमानाचे आकडे नागपूरला लागू पडत नाहीत. साधं गणित असं, खोलीचं तापमान जितक्या अंशांनी वाढतं, आतल्या पार्टचं जवळजवळ तितकंच वाढतं. २५ अंशांच्या एसी खोलीत ६८ अंशांवर चालणारं कार्ड बाहेर ४५ आणि खोलीत ३८ असताना ८१ वर जाईल. रायझन ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. सोबत मिळणारा छोटा पंखा जानेवारीत ठीक चालतो, मेमध्ये तो ओरडतो आणि प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो. दीड-दोन हजारांचा साधा टॉवर एअर कूलर घ्या. या बजेटला लिक्विड कूलरचं काही काम नाही.

कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा हवा. काचेचा पुढा आणि चार रंगीत पंखे असलेले डबे दुकानात चमकतात, पण हवा ओढायला जागाच नसते, पंखे आतलीच गरम हवा घोळत बसतात. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं पुरतं. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली की फटींतून धूळ शिरत नाही. पुढच्या आणि खालच्या बाजूला निघणारी जाळी असावी, महिन्यातून एकदा धुता येते. विकत घेण्याआधी दोन मापं जुळवा: कार्डाची लांबी आणि सीपीयू कूलरची उंची, दोन्ही मिलिमीटरमध्ये कॅबिनेटच्या माहितीत दिलेली असतात.

खिडकीतल्या डेझर्ट कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नका. हवा गार लागते हे खरं, पण सोबत पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार बोर्डावर पांढरा थर धरतात. मशीन झोताच्या बाजूला, जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा. खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं, नाहीतर खोलीत दमट होतं.

८. खरेदीच्या दिवशी

सोबत हवं :
– तीनही कोटेशन आणि अंतिम पार्टची यादी
– जीएसटीचं पक्कं बिल. प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर बिलावर लिहिलेला
– वॉरंटी किती वर्षांची आणि कोणाकडून, दुकानाकडून की कंपनीकडून, हे बिलावरच
– सगळे खोके, स्टिकरसकट

"बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" हे ऐकायला मिळेलच. वाचलेले अठरा टक्के म्हणजे गमावलेली वॉरंटी. राज्यातल्या दुकानाच्या बिलावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी असे दोन रकाने दिसायला हवेत. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या. "ट्रे" म्हणून सुटा मिळणारा स्वस्त असतो, पण कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी त्याला बहुधा नसते. त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे की माल बाहेर पाठवावा लागतो, हेही आधीच विचारा. कार्ड तीन आठवडे गेलं तर मशीन तोवर नुसतं उभं.

ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. लेबल, सील, सिरियल नंबर, सगळं एकाच क्लिपमध्ये.

९. जोडणी आणि पहिली तपासणी

हत्यारं थोडी लागतात: चुंबकाचं टोक असलेला दोन नंबरचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, काही झिप टाय, थर्मल पेस्ट, विंडोजसाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह. दुकानदार जोडून देत असेल तर समोर उभं राहून बघा. बोर्डावर चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरची ८ पिनची आणि कार्डाची ८ पिनची केबल सारखी दिसते, पण आतली जोडणी वेगळी असते. जोर लावून बसवू नका. कूलरच्या तळाचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं का ते पाहा, ते तसंच राहिल्याने तापलेली मशीन्स दर आठवड्याला दुरुस्तीला येत असतात.

चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम पूर्ण गतीने चालवणारी सेटिंग), रिसाइझेबल बार, टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू करा. एक्सएमपी नाही केला तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि कोणी सांगतही नाही. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ स्वतः निवडावं लागतं, आपोआप बहुधा ६० च राहतं.

मग दुकानातून निघण्याआधी, किंवा घरी पहिल्या दोन-तीन दिवसांत, हे बघून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये रॅमची गती. जीपीयू-झेडमध्ये कार्डाचं नाव, मेमरी आणि पीसीआयई ४.० (कार्ड रिकामं असताना आकडा कमी दिसतो, म्हणून शेजारची रेंडर टेस्ट चालू करून वाचा). क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचे चालू तास, नव्याला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच हवेत. शेवटी दुपारी दोन-तीनच्या उन्हात तुमचा सगळ्यात जड गेम अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसर आणि कार्डाचं कमाल तापमान टिपा. प्रोसेसर ८५ च्या वर किंवा कार्ड ८३ च्या वर टिकून राहत असेल तर बाजूचं झाकण काढून तोच गेम पुन्हा खेळा. झाकण काढल्यावर पाच-सहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा कमी पडते, एक पंखा वाढवा. तरीही फरक पडला नाही तर कूलरचे स्क्रू आणि पेस्ट तपासायला परत दुकानात न्या, परतीची मुदत असेपर्यंत.